आबांची दुसरी गोळी

२९ एप्रिल २०२५, मंगळवार. माहेरी

१७२/९८. पाच मिनिटं थांबून पुन्हा लावलं तर १६८/९६. तिसऱ्यांदा लावायचा मला धीर झाला नाही.

आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेसाठी, सकाळीच जळगावहून निघाले होते. पाळधी, एरंडोल, पारोळा करत एसटी धुळ्याला पोचेपर्यंत दुपार झाली. तिथून साक्री रस्त्याने काळ्या-पिवळ्या जीपने पांझरेकाठच्या आमच्या गावी. सासूबाईंसाठी घेतलेलं बीपीचं मशीन पिशवीतच राहिलं होतं. दोघांना एकदा लावून बघावं म्हणून काढलं. मायचं १२४/७६ आलं. ती हसली आणि सांजोऱ्यांचं सारण परतायला उठून गेली. मग आबांना लावलं.

आबा ६९ वर्षांचे आहेत. सात वर्षांपासून रोज सकाळी चहानंतर अ‍ॅम्लोडिपिनची ५ मिलिग्रॅमची एक गोळी घेतात. आकडा सांगितल्यावर म्हणाले, "येक गोयी खास ना मी रोज. माले काय धाड व्हयेल शे?"

खरंच काही झालेलं नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, सकाळी सहाला शेतात असतात. काही होत नाही म्हणूनच सात वर्षं कुणी काही केलं नाही. रात्री ट्रंकेतून त्यांची फाइल काढून बसले. २०२०: १५४/९०. २०२१: १५८/९२. २०२३: १६४/९४. प्रत्येक कागदावर शेवटी एकच ओळ, 'औषध तेच चालू ठेवणे'. त्यातल्या दोन तपासण्यांना आबांसोबत मी स्वतः गेले होते. मी शाळेत विज्ञान शिकवते. दोन्ही वेळा मी तो आकडा वाचला होता, कागद नीट घडी करून फाइलीत लावला होता आणि दुकानातून तीच गोळी आणून दिली होती.

३० एप्रिल. आखाजी

घागर भरली. मोठ्या घागरीवर छोटं मडकं, त्यावर डांगर, आंबा आणि सांजोऱ्या. आमच्या घरात आजोबा-आजींच्या बरोबर काकांच्या नावानेही पाणी दिलं जातं. आबांनी पाणी सोडलं तेव्हा मी त्यांच्या हाताकडे बघत होते.

काका भजनी मंडळात होते. पंचक्रोशीत त्यांचा आवाज ओळखला जायचा. २०१० च्या थंडीत एका पहाटे त्यांना लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा गेली. त्यानंतर चार वर्षं ओसरीवरच्या खाटेवर काढली. मंडळ देवळात बसलं की काकांचा डावा हात मांडीवर ताल धरायचा, तोंडातून मात्र एकच अक्षर निघायचं. काकूने त्या चार वर्षांत माहेरची एकही आखाजी केली नाही.

काकांनाही बीपीची एक गोळी चालू होती. आकडा १६८ च्या आसपास असायचा. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की वय अधिक शंभर एवढं बीपी चालतंच. काका तेव्हा ६८ वर्षांचे होते, त्यामुळे हिशोब तंतोतंत जमला आणि घरातले सगळे निश्चिंत राहिले. हा हिशोब खान्देशात अजून घरोघरी ऐकू येतो. परवाच जळगावच्या आमच्या वाड्यात शेजारच्या आजींच्या सुनेनेही मला तोच सांगितला. तो चुकीचा आहे. वाढत्या वयात रक्तवाहिन्या कडक होतात आणि वरचा आकडा चढतो हे खरं. पण चढलेला आकडा मेंदूतल्या नाजूक शाखांना वयाची सूट देत नाही.

काल आबांचा दुसरा आकडा १६८ होता. ही गोष्ट मी कुणाला बोलून दाखवली नाही.

२ मे, शुक्रवार

आज जळगावला परत जायचं आहे. त्याआधी तीन कामं केली.

पहिलं, गोळ्या मोजल्या. महिन्यापूर्वी आणलेल्या तीन पाकिटांत जेवढ्या शिल्लक असायला हव्यात तेवढ्याच निघाल्या. आबा गोळी चुकवत नाहीत. म्हणजे औषध पोटात जातं, तरी आकडा उतरत नाही.

दुसरं, आबांच्या उशाखालचा डबा उघडला. त्यात बाम, सुपारी, अडकित्ता आणि गुडघ्यासाठी दुकानातून थेट आणलेल्या डायक्लोफिनॅकच्या गोळ्या होत्या. कांदा काढणी सुरू झाल्यापासून रोज एक, कधी दोन. मी तिथेच मटकन बसले. अशा वेदनाशामक गोळ्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात, बीपी चढवतात आणि मूत्रपिंडावरही ताण देतात. आबांनी कुठल्याच डॉक्टरांना हे सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. त्यांच्या लेखी ते औषधच नव्हतं. 'गुडघ्याची गोयी' म्हणजे बामाचाच भाऊ.

तिसरं, भाच्याला मशीन शिकवलं. तो आठवीत जाणार आहे. शंभर पानी वही घेतली, रकाने आखले. सकाळी गोळी आणि चहाच्या आधी, लघवीला जाऊन आल्यावर, रात्री जेवणाआधी. आबांनी पाठ टेकून खुर्चीत बसायचं, खाटेच्या काठावर नाही. पाय जमिनीला टेकलेले, मांडीवर मांडी नाही. दंड उघडा, बंडीच्या बाहीवरून पट्टा नाही. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. अर्धा तास आधी तंबाखू नाही. पाच मिनिटं गप्प बसायचं. आबांना सगळ्यात अवघड हेच. मग एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं आणि दोन्ही आकडे लिहायचे. बरा वाटणारा एकच आकडा निवडायचा नाही.

गुडघ्याची गोळी बंद. त्याबदली पॅरासिटामॉल, तीही लागली तरच, आणि गरम पाण्याचा शेक. माय म्हणाली, शेकाचं माझ्याकडे लागलं.

९ मे. जळगाव

सात दिवसांचे आकडे भाच्याने फोनवर वाचून दाखवले. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढली: १५७/९२.

गुडघ्याची गोळी थांबवल्याने काहीतरी उतरलं. पण घरी मोजताना १३५/८५ च्या खाली असायला हवं, त्यापासून अजून खूप लांब. दवाखान्यात घाबरून चढलं असं म्हणायलाही आता जागा नाही; स्वतःच्या ओसरीत, स्वतःच्या नातवासमोर आबा कशाला घाबरतील?

भावाला फोन केला. मंगळवारी धुळ्याला फिजिशियनकडे जायचं ठरलं. मी जळगावहून थेट तिथे पोचेन. भाऊ म्हणाला, "एवढ्यासाठी तू कशाला येतेस, उन्हाचं?" येणार म्हटलं. मागे दोनदा गेले होते तेव्हा नुसती बसून आले होते.

१३ मे, मंगळवार. धुळे

डॉक्टरांनी आधी वही वाचली. पानं उलटत गेले आणि भाच्याचं नाव विचारलं. आबा एकदम ताठ बसले.

मग दोन्ही दंडांवर मोजलं, उभं करून पुन्हा मोजलं. पायावर सूज बघितली, छाती तपासली, ईसीजी काढला, लघवी आणि रक्त तपासायला पाठवलं: क्रिएटिनिन, पोटॅशियम, साखर. घोरता का, विचारलं. तंबाखू किती, मीठ किती, गुडघ्याला काय घेता. शेवटच्या प्रश्नाला आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि खरं सांगितलं.

दुपारी रिपोर्ट आले. क्रिएटिनिन १.१, पोटॅशियम ४.४, साखर ठीक. डॉक्टर म्हणाले, आता दुसरं औषध जोडू. अ‍ॅम्लोडिपिन ५ तेवढंच ठेवायचं, सोबत टेल्मिसार्टन ४०.

आबांचा चेहरा उतरला. खुर्चीवरून पुढे सरकून त्यांनी विचारलं, "दोन गोया म्हंजे मना आजार वाढी गया का?" मग हळूच, "हीच गोयी मोठी करी द्या ना."

मला वाटतं हा प्रश्न दर दुसऱ्या घरात अडतो. एक गोळी म्हणजे थोडं बीपी, दोन म्हणजे जास्त, तीन म्हणजे माणूस गेल्यात जमा. पाकिटांची संख्या हीच आजाराची पायरी, असं आपण धरून चालतो. डॉक्टरांनी शेतीचं विचारलं. कपाशीला ठिबक आहे? आहे. मग त्यांनी कागदाच्या पाठीवर चित्रच काढलं.

नळ्यांमध्ये दाब वाढला, गेजचा काटा चढला, लॅटरल निसटायला लागल्या, तर तुम्ही काय करता? आबा म्हणाले, बायपास सोडतो. बरोबर. अ‍ॅम्लोडिपिन तेच करतं, रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले स्नायू सैल करून वाट रुंद करतं. पण मोटारीजवळ बसलेल्या माणसाला बायपासचं कुणी सांगितलेलं नाही. त्याला वाटतं प्रेशर पडलं, म्हणून तो तिकडून जोर वाढवतो. शरीरात तो माणूस म्हणजे मूत्रपिंड. दाब उतरला की तिथून रेनिन सुटतं, त्याच्यापासून पुढे अँजिओटेन्सिन तयार होतं, ते वाहिन्यांना आवळायला सांगतं आणि अंगात मीठ-पाणी धरून ठेवायला लावतं. बायपास कितीही उघडा, मोटारीवरचा तेवढंच भरून काढणार. टेल्मिसार्टन त्याचा निरोप खाली पोचू देत नाही. दोन माणसं दोन जागी उभी राहिली तर काटा उतरतो. एकच व्हॉल्व्ह दोघांनी मिळून पिळला तर फार काही होत नाही, चाकी मात्र तुटते.

चाकी तुटणं म्हणजे पायांची सूज. अ‍ॅम्लोडिपिन ५ वरून १० केलं की बीपी थोडंच आणखी उतरतं, घोट्यांना सूज मात्र कितीतरी जणांना येते. औषध रक्त आणणाऱ्या बारीक वाहिन्या उघडतं, परत नेणाऱ्या तितक्या उघडत नाही, म्हणून पाणी तळाशी साचतं. टेल्मिसार्टन परतीची वाटही थोडी मोकळी करतं, त्यामुळे या जोडीत सूज कमी राहते.

आबा बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, "मंग हाई सात वरीस पहिलेच कराले पाहिजे व्हतं." डॉक्टर काही बोलले नाहीत. मीही नाही.

दोन्ही औषधं एकाच गोळीत असलेलं पाकीट लिहून दिलं. तीन आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासायचं. उन्हाचे दिवस, म्हणून पाणी भरपूर. जुलाब-उलट्या झाल्या, अंगातलं पाणी गेलं, तर गोळी न घेता आधी फोन करायचा.

१४ मे. जळगाव, रात्र

झोप येत नाही. कूलरचं पाणी संपलं आहे. आजीची गोळी आठवत बसले.

आबांच्या आईला, आमच्या मोठ्या आईला, मी लहान असताना बीपीची गोळी चालू होती. नाव पाठ होतं, कारण दुकानातून आणायला मलाच पाठवायचे: अ‍ॅडेल्फेन, आणि नंतर अ‍ॅडेल्फेन-एसिड्रेक्स. आज शोधून वाचलं त्यात काय असायचं. रिसर्पिन आणि डायहायड्रॅलाझिन. दुसऱ्या पाकिटात त्यांच्या जोडीला लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड. म्हणजे आबा ज्या दुसऱ्या गोळीला भ्याले त्यांच्याच आईने, त्यांच्याच घरात, एका गोळीतून आधी दोन आणि मग तीन औषधं घेतली होती. ती ८१ व्या वर्षी गेली, शेवटपर्यंत स्वतःच्या हाताने भाकरी थापत.

त्यातलं रिसर्पिन सर्पगंधेच्या मुळीतलं. त्या मुळीची गोष्ट मुंबईची आहे. केईएम रुग्णालयात काम केलेले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये ५० रुग्णांवरचा अभ्यास छापला आणि वैद्यांच्या बटव्यातली ही मुळी बीपी उतरवते हे जगाच्या डॉक्टरांपुढे मांडलं. पुढे १९५७ साली त्यांना अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला. त्याआधी बीपीसाठी डॉक्टरांच्या हातात धड असं काही फारसं नव्हतं.

आणखी एक गोष्ट वाचली आणि उठूनच बसले. बीपी उतरवल्याने माणूस वाचतो हे पहिल्यांदा ठामपणे सिद्ध झालं ते १९६७ मध्ये, अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांमध्ये. डॉ. एडवर्ड फ्राइस यांचा अभ्यास. खालचा आकडा ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष. निम्म्यांना खरं औषध, निम्म्यांना त्याच्यासारखी दिसणारी निव्वळ गोळी. औषध नसलेल्या गटात २७ जणांवर गंभीर संकट आलं, औषधाच्या गटात दोघांवर. आणि ते औषध म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, रिसर्पिन, हायड्रॅलाझिन. तिन्ही एकत्र. मोठ्या आईच्या पाकिटातल्या औषधांची जवळजवळ तीच यादी. बीपीच्या उपचारांचा पहिला मोठा पुरावाच अनेक औषधांच्या जोडीचा आहे. मग एका गोळीवर वर्षानुवर्षं अडून बसायची रीत आपल्याकडे कुठून आली?

२००९ मध्ये ४२ अभ्यास आणि सुमारे ११,००० माणसांचे आकडे एकत्र करून काढलेला निष्कर्षही वाचला: वेगळ्या गटातलं दुसरं औषध जोडल्याने जेवढं बीपी उतरतं, ते पहिल्याचाच डोस दुप्पट केल्याने उतरतं त्याच्या सुमारे पाचपट. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत सुरुवातीलाच दोन औषधांची जोडी, शक्यतो एकाच गोळीत, द्यायला सुचवलं आहे. आपल्याच देशातल्या जवळपास २,००० रुग्णांवर 'टॉपस्पिन' नावाचा अभ्यास झाला. एका गोळीत दोन औषधं अशा तीन वेगवेगळ्या जोड्या ताडून पाहिल्या. तिन्ही सारख्याच चालल्या आणि सहा महिन्यांत सुमारे ७० टक्के लोकांचं बीपी ताब्यात आलं.

हे सगळं छापलेलं होतं. आमच्या फाइलीतल्या कागदांवर मात्र 'औषध तेच चालू'.

१७ मे, शनिवार

आज जागतिक उच्च रक्तदाब दिन. शाळेला सुट्टी, नाहीतर फळ्यावर काहीतरी लिहिलं असतं.

गावातल्या आशाताईंशी फोनवर बोलले. उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, बीपी फुकट मोजतात, गोळ्याही मिळतात. बायका येतात, शेतावर जाणारे पुरुष येत नाहीत, असं त्या म्हणाल्या. २०१७ मध्ये देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो उपक्रम सुरू झाला त्यात महाराष्ट्र पहिल्या राज्यांमध्ये होता. त्याचं सूत्र साधं आहे: भिंतीवर लावता येईल असा पायऱ्यांचा तक्ता, या आकड्याला हे औषध, महिन्याने उतरलं नाही तर पुढची पायरी. पुढची पायरी आधीच लिहिलेली असते, म्हणून नर्सपासून डॉक्टरपर्यंत कुणालाही 'बघू पुढच्या वेळी' म्हणायची मोकळीक उरत नाही. २०२२ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. मला पुरस्कारापेक्षा तो तक्ता आवडला.

आबांचे आकडे: १४४/८६, १४०/८४. उतरत आहेत.

२५ मे, रविवार. माहेरी

काल संध्याकाळी भाच्याचा फोन आला. "आत्या, आबा खाटेवरून उठताना झोकांडले. आणि चप्पल पायात जात नाही." आकडा ११२/६८.

पहाटेच्या गाडीने आले. पावसाळी हवा, पारोळ्याच्या पुढे रस्ता ओला. घरात शिरताच आबांचे पाय बघितले. घोट्याच्या वर बोट दाबलं तर खळगा तसाच राहत होता.

कोनाड्यातला गोळ्यांचा डबा काढला. त्यात नवीन पाकीट होतं आणि जुनंही. दोन्हींतून रोज एक-एक गोळी गेलेली. आबांच्या मनात हिशोब स्वच्छ होता: डॉक्टर म्हणाले दोन गोळ्या, तर एक जुनी, एक नवी. नव्या गोळीच्या पोटात जुनी आधीच बसलेली आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. डॉक्टरांनी कागदावर नवं नाव लिहिलं, 'जुनी बंद' हे दोन शब्द लिहिले नाहीत. दुकानदाराने मोजून दिल्या. मी बाजूला उभी होते, मला सगळं माहीत होतं. कागदावरचं ठिबकचं चित्र मी घडी करून पर्समध्ये टाकलं, घरी येऊन डब्यातलं जुनं पाकीट मात्र काढलं नाही. बारा दिवस आबा १० मिलिग्रॅम अ‍ॅम्लोडिपिन घेत होते आणि त्यावर टेल्मिसार्टन. मे महिन्यात. शेतात.

पाकिटावर कंपनीचं नाव ठळक असतं, आतलं औषध बारीक अक्षरात. जुन्याचं नाव वेगळं, नव्याचं वेगळं. चाळिशीतली मी चष्मा लावून वाचते. आबा कसे वाचतील?

डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी जुनी गोळी ताबडतोब थांबवायला सांगितली, दोन दिवस बीपी दोन वेळा मोजून कळवायला सांगितलं, आणि उठताना आधी खाटेवर बसून, मग उभं राहायला. आवाजात चूक कबूल केल्यासारखं काहीतरी होतं. मी जुनं पाकीट माझ्या पिशवीत टाकलं. डब्यावर चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरात लिहिलं: 'रोज सकाळी एकच. यात दोन्ही आहेत.'

आबा म्हणाले, "मीच गाढवपना कया." मला ते ऐकवेना. मी त्यांना सांगितलं, चूक तुमची नाही. मग बराच वेळ आम्ही दोघं ओसरीवर बसून राहिलो.

२ जून. जळगाव

रक्ताचा रिपोर्ट आला. क्रिएटिनिन १.२, पोटॅशियम ४.८. डॉक्टर म्हणाले, ठीक. एवढा फरक या औषधाने पडू शकतो. पायांची सूज जवळजवळ ओसरली आहे.

पोटॅशियमवरून आमच्या घरी आठवडाभर चर्चा. सासर यावल तालुक्यातलं, केळीचं. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं त्याचं सासऱ्यांना अजून अप्रूप आहे. दर महिन्याला माहेरी केळीचा घड जातो. आबांनी ती खावी की नाही? केळीत पोटॅशियम भरपूर, मध्यम केळ्यात साधारण ४०० मिलिग्रॅम, आणि टेल्मिसार्टन शरीरात पोटॅशियम राखून ठेवतं. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, मूत्रपिंड चांगलं आहे तोवर दिवसाला एखाद-दुसरं केळं खुशाल खाऊ द्या. पण बाजारातलं 'लो सोडियम' मीठ मला विचारल्याशिवाय आणू नका. त्या मिठात सोडियम कमी करून पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं असतं. चीनमध्ये सुमारे २१,००० खेडुतांवर त्याचा अभ्यास झाला, २०२१ मध्ये छापला गेला, आणि लकव्याचं प्रमाण १४ टक्क्यांनी घटलं. म्हणजे चीज चांगलीच आहे. पण या गोळीवर असलेल्याने, त्यातही मूत्रपिंड दुबळं असलेल्याने, ती आपल्या मनाने सुरू करायची नाही.

साध्या मिठाचं काय, हे मायकडे. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, घरातल्या एका माणसाचा, सगळं धरून. माय म्हणते, "मीठ कमी टाकं तं ताट सरकाडतस." बरोबर आहे तिचं. आणि मीठ काही फक्त भाजीतूनच येत नाही. मेमध्ये आमच्या अंगणात वाळवण घातलेलं असतं. बिबडे, कुरडया, उडदाचे पापड. पापडखारातही सोडियमच. वर्षभर आबांच्या ताटाला दोन पापड, लोणचं आणि ठेचा. मी मायला एवढंच म्हटलं, बिबडे कर, पण ताटात एक ठेव, आणि ठेच्यात मिरची-लसूण वाढवून मीठ निम्मं कर. ती म्हणाली, कळण्याच्या भाकरीबरोबर बघते करून.

१५ जून, रविवार

उद्यापासून शाळा.

धुळ्याला आबांची तपासणी झाली. भाऊ सोबत गेला होता, मला जमलं नाही. दवाखान्यात १३८/८२. वहीतल्या शेवटच्या सात दिवसांची सरासरी १३३/८०. उभं राहिल्यावरही नीट. डॉक्टरांनी औषध तेच ठेवलं. आता 'तेच चालू' मागे कारण आहे. त्यांनी हेही सांगितलं की उन्हाळ्यात बीपी थोडं उतरलेलंच असतं, थंडीत चढतं, तेव्हा डिसेंबरात पुन्हा वही घेऊन या. गरज पडली तर तिसरं औषध, लघवी वाढवणारं, थोड्या मात्रेत.

तिसरं हा शब्द ऐकून आबा काय म्हणाले, ते भावाला विचारलं. काहीच नाही म्हणाले. डॉक्टरांना कपाशीच्या बियाण्याचा भाव सांगत होते.

६ जुलै, आषाढी एकादशी. माहेरी

कालच आले. आज घरात सगळ्यांचा उपवास. सकाळी आबांनी गोळीकडे बघून मला विचारलं, उपवासाला चालते का. चालते म्हटलं. काका एकादशीला आणि सोमवारी गोळी घेत नसत, महिन्याचे सहा-सात दिवस. हे मला आज काकूकडून कळलं. ती भगर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्याईले कोनी सांगं नही ना बाई."

दुपारी वही उघडली. गेल्या दहा दिवसांत भाच्याचं अक्षर कुठेच दिसेना. शाळा सुरू झाली, सकाळची घाई. त्याच्या जागी रकान्यांमध्ये मोठी, थरथरती, मोडीच्या वळणाची अक्षरं. आबा चौथी शिकले आहेत. सातबाऱ्यावरची सही सोडली तर त्यांनी काही लिहिलेलं मी पाहिलेलं नाही. आकडे रेघेवर बसत नव्हते, पण दोन्ही वेळचे होते, आणि दोन-दोनदा मोजलेले. १३२/७८. १३४/८०. १३०/७८. ३० जूनच्या रात्री १५२/८८, पुन्हा मोजून १५०/८८. काहीही खोडलेलं नव्हतं. शेजारी लिहिलं होतं: कपाशी लागन झाली. मजुरांसोबत शेवभाजी. पापड ३.